अर्धा तास कूलर बंद

सत्यम सोनवणेचा प्रेमात पडायचा काहीच विचार नव्हता. मे महिना चालू होता, आणि कूलरवाल्याला मे महिन्यात आजारी पडायलाही सवड नसते. प्रेमाबिमाचं त्यानं सगळं पावसाळ्यावर ढकललं होतं. तेव्हा दुकानात माश्याच असतात.

दुकान छावणीत, म्हणजे शहराच्या लष्करी भागात. खाली पत्रा कापायचा, ठोकायचा, रंगवायचा. आणि तयार झालेले कूलर संध्याकाळी गच्चीवर नेऊन, पाणी भरून, एका ओळीत चालू करून बघायचे. त्या दिवशी सहा कूलर एकदम घुमत होते. सत्यम प्रत्येकासमोर डोळे मिटून उभा राहत होता आणि तोंडावर हवा घेत होता. हे कामच होतं, पण कुणाला पटत नसे. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आवाज आला.

"अहो कूलरवाले! तुमच्यामुळं गुरू हलतोय!"

शेजारची गच्ची आजवर फक्त कुरडया वाळवायच्या कामाची होती. तिथं आता एक मुलगी उभी होती. ओढणी कपाळाला घट्ट बांधलेली, हातात पेन्सिल, आणि नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब... पडू की नको अशा विचारात. तिच्याशेजारी पश्चिमेकडं तोंड करून एक भलीमोठी पांढरी नळी होती. छावणीत राहून कुणी स्वतःची तोफ आणेल असं सत्यमला वाटलं नव्हतं.

"कोण हलतंय म्हणालात?"

"गुरू. गुरू ग्रह. ही दुर्बीण आहे."

"आन् तो माझ्यामुळं हलतोय?"

"तुमच्यामुळंच."

सत्यमनं आधी आकाशाकडं पाहिलं, मग कूलरांकडं. मालाबद्दल पुष्कळ तक्रारी यायच्या. आवाज येतो, पाणी गळतं, जाळीतून चिमणी आत आली. पण झोत इतका लांब गेल्याची तक्रार पहिलीच. आतून त्याला थोडा अभिमान वाटला.

"कितीक लांब असंल हो तो?"

"ऐंशी-नव्वद कोटी किलोमीटर."

"आमची गॅरंटी पंधरा फुटांची हाय, मॅडम."

हसायचं नाही असं तिनं बहुतेक ठरवलं होतं. पण तो थेंब नेमका तेव्हाच पडला, आणि त्याच्यापाठोपाठ हसूही.

"तो नाही हो हलत. मधली हवा हलते," ती म्हणाली. "उन्हात डांबरी रस्त्यापलीकडचं कसं लहरताना दिसतं? तसं. तुमची ही ओली हवा बरोब्बर माझ्या नळीसमोरून जाते. दिवेलागणीला अर्धाच तास बंद ठेवाल?"

"अर्धा तास? सीझनमधे?... बदल्यात काय?"

"बदल्यात गुरू."

सत्यमनं हिशेब केला. कूलर बंद करायच्या बदल्यात अख्खा ग्रह. वैजापूरच्या मार्केट यार्डात असा सौदा कुणी केला नसेल. त्यानं सहाही बटणं बंद केली आणि मधल्या कठड्यावरून टांग टाकली.

नळीच्या वरच्या टोकाशी, कडेला एक छोटी काच होती. त्यानं डोळा लावला. काळसर निळ्यात एक वाटाणा. फिक्कट, थरथरता, पाण्यात पडल्यासारखा.

"एवढाच?"

"बघितलात?"

"बघितला."

"नाही बघितलात. नुसता डोळा लावलात." तिचा आवाज एकदम जवळ आला. "घाई नका करू. श्वास धरा, काचेवर वाफ धरते. आणि थांबा... हवा कधीतरी थबकते. तेवढ्यात बघायचं."

सत्यमनं श्वास धरला. वाटाणा थरथरला, पसरला, परत गोळा झाला. मग एकाएकी कुणीतरी सगळ्या आभाळाला 'गप' म्हणावं तसं झालं. वाटाणा गोल झाला. त्याच्या पोटावर दोन तपकिरी पट्टे उमटले, पट्ट्यांची कड जरा फाटलेली, कुरतडलेली. आणि बाजूला बारीक ठिपके, एका रेषेत, कुणी पट्टी धरून मांडल्यासारखे. क्षणभरच. मग परत सगळं उकळायला लागलं.

"आयला..." सत्यम म्हणाला. श्वास सोडायचा राहिला होता, तो आठवणीनं सोडला. "लई भारी!"

"आता बघितलात," ती म्हणाली.

त्यानं काचेवरून डोळा काढून तिच्याकडं पाहिलं. हेही पहिल्यांदाच नीट.

ती मनस्विनी लासूरकर. दातांची डॉक्टर. गारखेड्यात दवाखाना, आणि राहायला याच महिन्यात छावणीत भानुमती आत्याकडं आलेली, कारण आत्याच्या गच्चीवरून पश्चिम मोकळी होती. घर निवडताना लोक पाणी बघतात, पार्किंग बघतात. हिनं गुरू मावळतो कुठं ते बघितलं होतं.

"दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं," तिनं एकदा सांगितलं, "मग संध्याकाळी जरा लांबचं बघावंसं वाटतं."

तिच्याकडं एक लांबलचक कागदाची पट्टी होती. त्यावर तिनं गुरू सोलून पसरल्यासारखा काढला होता. जानेवारीपासून, संध्याकाळी संध्याकाळी, पेन्सिलीनं. गुरू स्वतःभोवती भराभर फिरतो, रोज वेगळी बाजू दाखवतो. तुकडा तुकडा जोडत तिनं जवळजवळ पूर्ण फेरा घातला होता. फक्त एका जागी चार बोटं कागद कोरा होता.

"इथं तो मोठा लाल डाग आहे. वादळ आहे ते, पृथ्वी आत मावेल एवढं. ते समोर आलं की काहीतरी होतंच. कधी धूळ, कधी ढग, कधी कुणाची तरी दाढ."

"मग त्याचे फोटो असतील की मोबाईलवर. बघून काढायचा."

"तुम्ही दुसऱ्याच्या कूलरचा फोटो आपल्या दुकानात लावाल?"

"लावलाय की. भिंतीवर. गिऱ्हाईक त्याच्याकडं बघून माझा घेतं."

मनस्विनीनं पट्टीवरची कोरी जागा बोटानं झाडली. मग म्हणाली, "जे मला दिसलं नाही ते मी काढत नाही."

सत्यम त्या रात्री घरी जाऊन जेवताना ते वाक्य दोनदा मनात म्हणाला. आणि सकाळी भिंतीवरचा फोटो उतरवला. बन्सीकाकांनी, म्हणजे त्याच्या दुकानातल्या पत्र्याच्या वडीलधाऱ्या कारागिरांनी, उतरलेल्या फोटोकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि हातोडी खाली न ठेवता म्हणाले, "मालक, तुमचं गुरुबळ वाढल्यालं दिसतंय."

"काका, पत्रा ठोका."

"ठोकतोय की. आमच्या नशिबी पत्राच हाय."

कूलरांची चाचणी आता पहाटे व्हायला लागली. सगळी गल्ली सूर्य उगवायच्या आत विमानतळाजवळ राहायला गेल्यासारखी उठायची. आणि संध्याकाळी सत्यम कठडा ओलांडायचा.

काम काही सोपं नव्हतं. दिवसभर तापलेली गच्ची चपलेतून चटके द्यायची. मनस्विनी त्यावर ओली गोणपाटं अंथरायची, नळीचं तोंड उघडून ती निवायची वाट बघायची. घाम भुवयांवरून उतरून थेट काचेत. डास तर असे यायचे की त्यांनाही गुरू बघायचा असावा. पण तिच्या हाताला पेन्सिल लागली की डास चावला तरी ती हलायची नाही. एकदा तिच्या कोपरावर डास बसलेला सत्यमला दिसला. मारावा तर चित्र हलणार, न मारावा तर डास पिणार. त्यानं वाकून हळूच फुंकर घातली.

पेन्सिल थांबली.

"...हवा हलली," ती काचेवरचा डोळा न काढता म्हणाली.

"डास होता."

"हं." पेन्सिल परत सुरू झाली. "पण हवा हलली."

"आपल्याकडं लई गरम होतंय ना या कामाला?" त्यानं एकदा विचारलं. "थंड देशात बरं असंल."

"मुळीच नाही!" कुणीतरी माहेराला नावं ठेवल्यासारखी ती वळली. "तिकडं ग्रह झाडांच्या शेंड्यांना घासत जातात. आपल्याकडं हिवाळ्यात हा थेट डोक्यावरून गेला, माहितीये? आणि ही दमट, जड हवा... माणसाला नकोशी होते, पण ती निवांत असली ना, की बिंब असं स्वस्थ बसतं. मोठमोठ्या दुर्बिणीवाले झुरतील अशा हवेसाठी. फक्त या गल्लीत घराघरांतून कूलर आत हवा ढकलतात, मग आतली गरम हवा खिडक्यांतून बाहेर पडते आणि वर चढते. प्रत्येक खिडकी म्हणजे एक उसासा."

आपण गल्लीत एवढे उसासे विकलेत हे सत्यमला माहीत नव्हतं.

ती घामानं निथळत असायची, केस मानेला चिकटलेले, बोटांना शिसं लागलेलं. आणि हवा थबकली की श्वास धरायची. सत्यमही आपोआप धरायचा. ती तरबेज होती. तिचा श्वास लांब चालायचा. एकदा त्याला घेरी येऊन गोणपाटावर बसावं लागलं. भानुमती आत्यांनी त्याला कैरीचं पन्हं दिलं आणि खाली जाताना पुटपुटल्या, "ग्रह एकीला दिसतोय, चक्कर दुसऱ्याला येतेय."

मग मे संपत आला आणि ती म्हणाली, "बुधवारी लाल डाग समोर आहे. मला दवाखान्यातून यायला जेमतेम वेळ मिळेल. आरसा तापलेला राहिला तर निवेपर्यंत सगळं संपेल." दुर्बिणीच्या बुडाशी मोठा आरसा असतो, आणि तो गरम असला की नळीतच हवा उकळते, एवढं आता सत्यमला कळायला लागलं होतं.

एवढंच कळायला लागलं होतं, हाच घोटाळा झाला.

कारण तापलेली वस्तू गार करणं हा तर त्याचा पिढीजात नसला तरी जीएसटी भरलेला व्यवसाय होता. बुधवारी ऊन कललं तसा त्यानं दुकानातला सगळ्यात मोठा कूलर, ज्याला लग्नाच्या मांडवासाठी मागणी असते तो, कठड्यावरून पलीकडं उतरवला. बन्सीकाका एका बाजूला, तो दुसऱ्या. बोअरचं पाणी भरलं. जाळ्यांत नवा वाळा भरला. नळीचं झाकण काढलं, आणि झोत थेट दुर्बिणीच्या तोंडात सोडला.

मनस्विनी जिना चढून आली तेव्हा तो बाजूला उभा होता. चेहऱ्यावर, कुणी काही न सांगता कामं उरकली की असतो, तसा भाव.

तिनं पिशवी खाली ठेवली. नळीत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

आरशावर दाट वाफ बसली होती. वाफेवर पाण्याचे थेंब. थेंबांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, आणि त्या सगळ्यावर नव्या वाळ्याचा चुरा, चिवड्यावर शेव भुरभुरावी तसा.

"गार झालाय..." सत्यम म्हणाला.

"हो," मनस्विनी म्हणाली. "गार झालाय."

तिनं आवाज चढवला नाही. 'दात काढावा लागेल' हे डॉक्टर ज्या मऊ आवाजात सांगतात, तोच आवाज तिनं काढला. "कूलर बंद करा, सत्यम. हा आरसा धुवायला काढावा लागेल. आज काही होणार नाही." पश्चिमेला गुरू नुसत्या डोळ्यांना सुरेख, स्वच्छ दिसत होता. ते फार वाईट होतं. "शनिवारी डाग पुन्हा समोर येईल. त्यानंतर गुरू खाली गेलेला असेल, आणि ढग आलेले असतील. पुन्हा नीट दिसेल तो थेट हिवाळ्यात, तेव्हा त्याचे पट्टेही बदललेले असतील. म्हणजे झालं तर शनिवारी."

"मी... मला वाटलं..."

"माहितीये. पण शनिवारपर्यंत इकडं येऊ नका. प्लीज."

जिन्यात उभ्या असलेल्या आत्या म्हणाल्या, "हवा मात्र छान येत होती हो."

त्यावर कुणीच हसलं नाही. सत्यमनं कूलर परत नेला. कागदाची ती चार बोटं कोरी राहिली तर त्या कोऱ्या जागेवर कुणाचं नाव असणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं ती पट्टी उलगडेल, आणि कुणी विचारलं, 'इथं काय झालं?' तर म्हणेल, 'इथं ना... एक कूलरवाला होता.'

गुरुवारी दिवसभर तो पत्रा वाकडा कापत होता. मग शुक्रवारी सकाळी उठला आणि गल्लीत शिरला. दारोदार. या गल्लीतला प्रत्येक कूलर त्यानंच बसवलेला. कुणाचा कोणत्या खिडकीत, ते त्याला पाठ होतं.

"उद्या दिवेलागणीला अर्धा तास कूलर बंद ठेवायचा. डॉक्टरला गुरू बघायचाय. पुढच्या साली वाळा माझ्याकडून फुकट."

निवृत्त सुभेदार मोतीराम खुर्चीत ताठ बसले. "हुकूम कुणाचा?"

"डॉक्टर लासूरकरांचा... म्हणजे, त्यांना माहीत नाय."

"मग मोहीम गुप्त आहे. बंद राहील."

कलीमभाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "क्या रे सत्यम, मोहब्बत तू करिंगा, पसीना हम बहाना?"

"अर्धाच तास, कलीमभाई."

"हमारे टैम में कोई अपना कूलर बंद किया होता तो हम बी शायर बनते. जा, बंद रखते."

सरूबाईंनी दारातच अडवला. "डॉक्टरीणबाईला गुरू बघायचाय. आन् तुला काय बघायचंय रे?"

सत्यमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सरूबाईंना तेवढं पुरलं. त्यांच्याकडून ते पुढं गल्लीत इतक्या वेगानं गेलं की सत्यम शेवटच्या घरी पोचला तेव्हा तिथल्या माणसानं दार उघडून नुसतं, "व्हय, व्हय, कळलं, बंद ठेवतो. पोरगी चांगली हाय," असं म्हणून दार लावलं.

शनिवारी पूर्वेकडं ढगांचा गठ्ठा होता, पश्चिम मोकळी. हवा एवढी दमट की पिळली तर बादली भरावी. सत्यम आपल्या गच्चीवर बंद कूलरांच्या आड बसला. 'इकडं येऊ नका' म्हणाली होती. तिकडं बघू नका म्हणाली नव्हती.

मनस्विनी आली. आरसा तिनं दवाखान्यातल्या शुद्ध पाण्यानं धुऊन परत बसवला होता. कपाळाला ओढणी बांधली, काचेला डोळा लावला. आणि खांदे पडले. बिंब उकळत असणार. इतक्या लांबून गुरू दिसत नव्हता, पण तिचे खांदे सत्यमला वाचता येत होते.

मग सुभेदारांचा कूलर थांबला. त्यानंतर कलीमभाईंचा. मग सरूबाईंचा, समोरचा, कोपऱ्यावरचा. घरघर एकेक पदर सुटावा तशी सुटत गेली, आणि छावणीतल्या त्या गल्लीत उन्हाळ्यात कधी नव्हे अशी शांतता पसरली. झोपलेली कुत्रीसुद्धा काय झालं म्हणून उठून बसली. माणसं ओट्यांवर आली, वह्यांच्या पुठ्ठ्यांनी वारा घेत, एकमेकांना 'शू' करत.

एक कूलर मात्र चालूच होता. अगदी दुर्बिणीखालच्या खिडकीतला. भानुमती आत्यांचा.

सत्यम सगळी गल्ली फिरला होता, त्या एका दारात जायची त्याची हिंमत झाली नव्हती. तो जिन्यावरून धडपडत उतरला आणि त्यांच्या खिडकीखाली उभा राहिला.

"आत्या... आत्या, कूलर..." दबक्या आवाजात.

पडदा बाजूला झाला. आत्या आतच उभ्या होत्या. जणू वाटच बघत होत्या.

"सगळ्या गल्लीला विचारलंस. सुभेदारांना विचारलंस, त्या सरूबाईला विचारलंस. माझ्याकडं काही आला नाहीस."

"चुकलं, आत्या."

"मला पहिल्यांदा विचारायचं असतं रे. कूलरचंसुद्धा." त्यांनी 'सुद्धा'वर जरा थांबून बघितलं, त्याच्या डोक्यात काही शिरतंय का ते. मग बटण बंद केलं. "जा. जिना उघडाय."

"पण त्या म्हणाल्या होत्या, येऊ नका..."

"शनिवारपर्यंत म्हणाली होती. आज शनिवार आहे."

तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला. पुढं गेला नाही. मनस्विनीची पाठ त्याच्याकडं होती. खांदे सरळ झाले होते. पेन्सिल चालत होती. थांबत होती, वाट बघत होती, परत चालत होती. कोपरावर डास होता. सत्यमनं फुंकरही घातली नाही. वारा नाही, आवाज नाही, खाली सगळी गल्ली घामानं भिजून बसलेली. आणि वर एक बाई, जिला सोडून त्या वादळाकडं या क्षणी शहरात दुसरं कुणी बघत नसेल. त्याला वाटलं, माणसानं एखादी गोष्ट बघावी तर अशी बघावी. आणि बघणाऱ्याकडं कुणी बघत असलं, तर त्यानंही निदान पेन्सिल खाली पडेपर्यंत हलू नये.

पेन्सिल खाली आली. तिनं पट्टीवरची चार बोटं भरली होती. मधोमध एक लांबट, फिक्कट नारिंगी वाटेल असा डोळा. पेन्सिल काळी होती तरी नारिंगीच वाटत होता.

"सत्यम," ती न वळता म्हणाली, "ये."

या नाही. ये.

तो आला. तिनं कठड्यावरून खाली पाहिलं. ओटे, पुठ्ठे, वर वळलेले चेहरे, चेहऱ्यांवर चौकशी.

"हे तू केलंस?"

"मी फक्त बंद करायला सांगितलं. आपण होऊन काही करायला जाऊ नये, एवढं शिकलो बुधवारी."

"काय सांगितलंस त्यांना?"

"खरं ते. डॉक्टरला गुरू बघायचाय."

"एवढंच?" तिनं कपाळावरची ओढणी सोडली. "गल्ली माझ्याकडं बघून अशी का हसतेय मग?"

"त्यांनी विचारलं... तुला काय बघायचंय म्हणून."

"मग?"

"मी काहीच बोललो नाय. कान लाल झाले, तेवढंच."

ती त्याच्या कानांकडं बघत राहिली. घाई न करता. नुसता डोळा लावून नाही. नीट, हवा थबकायची वाट बघावी तसं. सत्यमनं सवयीनं श्वास धरला.

"परत होतायत," ती म्हणाली.

"व्हय... मनस्विनी, मला लई आवडतेस तू. गुरूच्या आधी नाय म्हणत मी. गुरूनंतर ठेव. पण ठेव."

तिनं शिशानं काळी झालेली बोटं पुढं केली आणि त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला हळूच लावली. तिथं काळा ठसा उमटला. "मला दिसलं नाही ते मी काढत नाही, माहितीये ना?" ती म्हणाली. "हे मात्र मला कधीचं दिसत होतं. मे महिन्यात बोलावं की नाही, एवढंच ठरत नव्हतं. तुझा सीझन होता."

खालून सुभेदारांचा आवाज आला. "सत्यम! मोहीम आटोपली का? लावू का कूलर?"

गुरू केव्हाच खाली, क्षितिजाजवळच्या धुळकट पट्ट्यात शिरला होता. दुर्बिणीत आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मनस्विनीनं एकदा तिकडं पाहिलं, एकदा सत्यमकडं, आणि कठड्यावरून वाकून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अजून पाच मिनिटं!"